चौकोनातली तुळस

नोकरीची सगळी वर्षं मी लोकांच्या उघड्या अंगावर रेघा मारल्या आणि त्याबद्दल मला दरमहा पगार मिळाला. असं भाग्य फार थोड्या बायकांना लाभतं. त्यात माझ्या हाताखालून गेलेले लोक साधेसुधे नव्हेत. पैलवान होते, तलाठी होते, हेडमास्तर होते, एक फौजदार होते. फौजदारसाहेबांना "हात वर, हलायचं नाही" असं दरडावून सांगताना मला जो आनंद व्हायचा, तो पगारात धरलेला नव्हता.

मी कोल्हापुरात कॅन्सरच्या एका दवाखान्याच्या तळघरात कोबाल्ट मशीनवर होते. कागदावर माझा हुद्दा रेडिओथेरपी टेक्निशियन असा होता, पण ते नाव आमच्याकडं कुणी पूर्ण उच्चारल्याचं मला आठवत नाही. किरणांच्या उपचाराला गावाकडं कुणी 'लाईट' म्हणतं, कुणी 'शेक', कुणी 'करंट'. म्हणून मी 'लाईटवाल्या कांबळेबाई'. माझ्या आईची तर शेवटपर्यंत समजूत होती की पोरगी वीज बोर्डात आहे. घरचे दिवे गेले की ती माझ्याकडं रागानं बघायची.

आता काम सांगते. मशीनच्या डोक्यात शिशाच्या पोटात कोबाल्टचा एक लहानसा तुकडा कोंडलेला असतो. बटण दाबलं की तो खिडकीसमोर येतो आणि त्यातून किरण निघतात. ते दिसत नाहीत, चटका बसत नाही, वास नाही. पेशंटला टेबलावर झोपवायचं, मशीनचं तोंड नेमक्या जागेवर आणायचं आणि आपण जाड दार लावून बाहेर पळायचं. बाहेर एक छोटा टीव्ही, त्यात आतला पेशंट दिसतो. एक माईकही असतो, त्यावरून बाहेरचं आत ऐकू जातं आणि आतलं बाहेर.

हे आमचं पळणं लोकांना फार खटकायचं. "औषध चांगलं हाय म्हंता, मग तुमी का पळताय?" हा प्रश्न मला रोज एकदा तरी यायचा. मी म्हणायचे, "तुम्हाला चार दिवस घ्यायचंय. मी सगळ्यांबरोबर आत बसून घेत राहिले, तर उद्या मला रेघा मारायला कोण येणार?" हे उत्तर पटायचं. शास्त्रीय उत्तर देऊन पाहिलं होतं, ते पटलं नव्हतं.

रेघा कशासाठी, तर किरण रोज त्याच जागी पडले पाहिजेत. बोटभर इकडंतिकडं झालं की रोग सुटतो आणि शेजारच्या चांगल्या फुप्फुसाला मार बसतो. म्हणून डॉक्टर जागा ठरवायचे आणि मी जांभळ्या औषधी रंगानं त्या जागेचा चौकोन आखायचे. उपचार संपेपर्यंत, म्हणजे काही आठवडे, तो पुसायचा नाही. आंघोळ करा, पण तेवढी जागा सोडून. साबण नको, तेल नको, घासणं तर नकोच.

आणि घोडं इथंच पेंड खायचं. कोल्हापूरच्या माणसाला घासल्याशिवाय आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. पैलवान, म्हशी आणि मोटारसायकली, आमच्याकडं तिन्ही सारख्याच जोमानं घासतात. सोमवारी सकाळी पेशंट चकचकीत होऊन यायचे आणि माझा चौकोन पंचगंगेला मिळालेला असायचा.

यात सगळ्यात अट्टल गुन्हेगार बापू वस्ताद. जुन्या गावठाणातल्या एका तालमीचे वस्ताद, मान माझ्या मांडीएवढी. कुस्ती सुटल्यावर त्यांनी बिडी धरली आणि बिडीनं त्यांचा आवाज धरला. स्वरयंत्राला लहान गाठ होती. ती वेळेत सापडली होती, नुसत्या शेकानं जाण्यासारखी होती. डॉक्टरांनी त्यांना बोलायची बंदी घातली होती. वस्ताद ती मोठ्यानं मोडायचे नाहीत, कुजबुजत मोडायचे. त्यांच्या गळ्यावरच्या रेघा दर दोन दिवसांनी गायब. विचारलं तर आभाळाकडं बघायचे. एकदा मी मानेवर बोट फिरवलं तर बोट तेलानं माखलं.

"वस्ताद, मालिश केली?"

"उगं जरा हात फिरीवला पोरांनी," ते कुजबुजले.

"पुढच्या वेळी मी हात फिरवीन, आणि तो गालावर बसेल."

त्यावर ते लहान पोरासारखे हसले. त्यांची दुसरी तक्रार अशी की शेजारच्या पावण्याला मशीनखाली जास्त वेळ ठेवतात आणि त्यांना कमी. त्या पावण्याचा रोग खोल होता, म्हणून वेळ जास्त लागायचा. वस्तादांना मात्र तो उघड पक्षपात वाटला. दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर म्हस पिळून देणारा ओळखीच्याला जरा भरून देतो, त्यातला प्रकार. एक दिवस ते माझ्यासाठी गुळाची ढेप घेऊन आले आणि डोळा मिचकावून म्हणाले, "जरा मापात बघा की."

ढेप मी परत केली. गूळ चांगला होता, अजून हळहळ वाटते.

त्याच दिवसांत हातकणंगल्याकडच्या एका खेड्यातून आक्काताई आली. चाळिशीची, सडपातळ, बोलायला कमी. डाव्या छातीची गाठ ऑपरेशननं काढली होती, काखेतल्या गाठीही काढल्या होत्या. आता तिला शेक द्यायचा होता. तिच्याबरोबर तिची सासू, हौसाबाई. आक्काताईला बोलायला कमी का मिळालं, ते हौसाबाईंना बघितल्यावर कळलं. म्हातारी एसटीतून उतरली की तिचा आवाज आमच्या तळघरात आधी यायचा आणि मग ती यायची.

पहिल्याच दिवशी तिनं मला धरलं. "ओ बाई, गाठ काढली म्हंता. मग आता ह्यो शेक कशाला? पैल्यांदाच नीट काढायची न्हवती व्हय?"

"मावशी, तुमच्या उसात लव्हाळा आहे का?"

"कुणाच्यात न्हाय?"

"उपटला की जातो?"

"वरनं जातोय. खाली मातीत त्येच्या गाठी ऱ्हात्यात की."

"तसंच हे," मी म्हणाले, आणि मग तिला जे सांगितलं तेच इथं सांगते. आपलं शरीर बारीक बारीक पेशींचं. त्या वाढतात, काम करतात, वेळ झाली की मरतात. एखादीला काय होतं कोण जाणे, ती थांबायचंच विसरते. एकीच्या दोन, दोनाच्या चार, त्याची गाठ होते. गाठ जागेवर आहे तोवर सर्जन ती काढतो. पण त्यातल्या काही पेशी सुट्या होतात आणि फिरायला निघतात. छातीतल्या बहुधा आधी काखेत जातात, कारण तिथल्या गाठी म्हणजे जकात नाका, तिथं सगळं अडवलं जातं. नाका चुकवून त्या रक्तात शिरल्या की हाडात, फुप्फुसात, लिव्हरमध्ये, जिथं थारा मिळेल तिथं बिऱ्हाड करतात. मग हाड दुखायला लागतं, पण रोग हाडाचा नसतो, छातीचाच असतो. मोठी गाठ सुरी काढते. आजूबाजूला मातीत राहिलेल्या बारीक गाठींसाठी शेक. आणि रक्तातून लांब गेलेल्यांच्या मागं सलाईनमधून औषध, नाहीतर गोळ्या.

"सुरी लागली की पसरतंय म्हंत्यात," हौसाबाई म्हणाल्या.

"सुरी लागायच्या आधी तुम्ही कुणाकुणाला दाखवलंत?"

म्हातारीनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. "वैद्य झाला, देवरशी झाला, माझी भन झाली, आनि त्यो एक बाबा झाला गगनबावड्याचा, मुळी देतोय त्यो."

"तेवढ्या वेळात पसरतं. आणि नाव होतं सुरीचं."

हौसाबाई गप्प झाल्या. हे फार क्वचित व्हायचं, म्हणून मला ते चांगलं लक्षात आहे. मग मी सांगितलं की शेक रोज थोडा थोडा द्यायचा असतो. एकदम दिला तर चांगल्या पेशीही मरतात. रोजच्या मारातून चांगल्या पेशी रात्रीत सावरतात, वाईट सावरत नाहीत. पण मधेच खंड पडला की वाईटही डोकं वर काढतात.

"भांगलण अर्धी सोडल्यावानी," म्हातारी म्हणाली. "कळलं. खंड पडू देत न्हाय मी. ही गेली तर माझी म्हस कुणाच्या बापाला पिळू देणार हाय?"

हे म्हस प्रकरण पुढं आम्हाला रोज ऐकायला लागलं. त्यांची राधी नावाची म्हस होती. ती आक्काताईशिवाय कुणाला आचळाला हात लावू द्यायची नाही. सून ऑपरेशनला दवाखान्यात पडली तेव्हा राधीनं हौसाबाईंची बादली दोनदा उडवली, एकदा हौसाबाईंना उडवलं. शेवटी म्हातारीनं सुनेचं लुगडं नेसलं, तिच्याच चपला घातल्या, तिच्यासारखी हळू पावलं टाकत गेली आणि खाली बसली.

"फसली का?" बाकावरच्या सगळ्यांनी विचारलं.

"फसली की! तांब्या भरून दिलं. पर तोंड गप ठिवायला लागलं ओ. बोलले असते तर वळखलं असतं तिनं."

"मावशी गप बसल्या?" मी म्हणाले. "मग म्हशीचं काही खरं नाही, तिनं भीतीनंच दूध सोडलं असेल."

आक्काताई पदर तोंडाला लावून हसली. मला ती तेव्हा पहिल्यांदा हसताना दिसली. आत टेबलावर घेतल्यावर ती हळूच म्हणाली, "बाई, हात वर जात न्हाय ओ पुरा. म्हस पिळायला जमंल का परत?" तिला एवढंच हवं होतं. मी तिला भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम शिकवला, आणि रेघा सांभाळायला बजावलं. शेक पुरा झाला, मधे तुटला नाही, तर आशा चांगली होती.

हौसाबाई सून सांभाळायच्या म्हणजे कशा, ते एकदा बघितलं. मी पाणी प्यायला वळले तेवढ्यात त्यांनी माईक ताब्यात घेतला. "आक्के! हलू नगंस! आनि सकाळी वैरण कुठं ठिवलीस?" आत आक्काताई दचकून निम्मी उठली. मला मशीन थांबवून सगळं पहिल्यापासून लावावं लागलं. मी म्हातारीला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि वस्तादांना पहारा करायला सांगितलं. एवढा मोठा पैलवान, पण म्हातारीनं त्यांना तासाभरात चीत केलं. त्यांना बोलायची बंदी, तिला ऐकणारा माणूस हवा. दोघांची गट्टीच जमली.

चैत्राचं ऊन तापायला लागलं. आक्काताई पहाटे गोठा आवरून, घामेजून यायची. रेघा फिकट पडायच्या, मी पुन्हा आखायचे. एक दिवस बघते तर जांभळ्या रेघांवर काळीभोर, बोटभर रुंद रेघ. हौसाबाईंनी घरी काजळानं गिरवून काढली होती.

"मावशी, ही रेघ आहे का गटार?"

"तुमची पुसाय लागलती. म्हनून जरा ठळक केली."

मी फार बोलले त्या दिवशी. अशा रेघांनी शेक चुकला तर सुनेचा जीव जाईल, असंही बोलले. हौसाबाईंचं तोंड एवढंसं झालं. "मग पुसंनाच असं कायतरी द्या की ओ," त्या म्हणाल्या. बाकावर बसलेल्या वस्तादांनी यावर सदऱ्याची बाही वर केली. दंडावर हिरवागार मारुती गोंदलेला. मातीत, घामात, तेलात तीस-चाळीस वर्षं घोळून एक रेष हललेली नाही, असं त्यांनी हातवाऱ्यांनी सांगितलं. मी ते बघितलं आणि आत गेले, कारण पुढचा पेशंट टेबलावर होता. तेव्हाच तिथं थांबायला हवं होतं, पण म्हातारीच्या डोक्यात काय शिजेल हे कुणाला कळणार?

शनिवार-रविवार मशीन बंद असायचं. त्या वर्षी जोतिबाची यात्रा नेमकी त्याच दोन दिवसांत आली. वस्ताद दरवर्षी सासनकाठीच्या मिरवणुकीबरोबर जायचे, मलाही आग्रह करायचे. माझ्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून आमच्या घरात यात्रा बंद. वस्तादांना मी सांगायचे, "माझं देवाशी भांडण नाही, गर्दीशी आहे." त्यावर ते म्हणायचे, "मग गुलाल तरी लावून घ्या."

सोमवारी आक्काताई आणि हौसाबाई आल्या त्या वस्तादांबरोबर यात्रा करून, आपादमस्तक गुलाबी. कानात गुलाल, पापण्यांवर गुलाल, एसटीच्या कंडक्टरलाही लागला म्हणे. आक्काताईचं तोंड उतरलेलं होतं. हौसाबाई मात्र मोहीम फत्ते करून आल्यासारख्या. "बाई, आता तुमची रेघ पुसून दाखवा!"

आत टेबलावर पदर काढला आणि माझ्या हातातला रंगाचा ब्रश खाली पडला. जांभळ्या चौकोनाच्या चारी बाजूंवर गर्द हिरवी गोंदलेली रेघ. यात्रेत गोंदणारी बाई बॅटरीचं मशीन घेऊन बसते, तिच्याकडून गोंदवून घेतलेली. आणि चौकोनाच्या मधोमध, जिथं आम्हाला रोज किरण सोडायचे होते तिथं, पायऱ्या-बियऱ्यांसकट एक तुळशी वृंदावन.

"ही तुळस कुणी सांगितली?" मी विचारलं.

आक्काताई रडवेली झाली. "गोंदणारी म्हनली, रिकामा चौकोन मी गोंदत न्हाय. घर रिकामं ठिवलं की पाप लागतंय."

सगळी कातडी लाल, सुजलेली. आधीच शेकानं नाजूक झालेली जागा, त्यावर सुया. त्यात पू झाला असता, जखम चिघळली असती, तर शेक कायमचा थांबवावा लागला असता. मला संताप आला आणि खरं सांगते, त्याहून जास्त भीती वाटली. मी डॉक्टरांना बोलावलं. आमचे डॉक्टर शांत माणूस. त्यांनी चष्मा पुसला, खाली वाकून बघितलं आणि पट्टी लावून मोजलं.

मग म्हणाले, "कांबळेबाई, मोठ्या हॉस्पिटलांत कोपऱ्यांवर असाच बारीक ठिपका गोंदतात. म्हणजे पुसायचा प्रश्नच नाही. इथल्या बायका आयुष्यभराचा डाग घेतील का, म्हणून मी कधी विषय काढला नव्हता."

बाहेर बाकावर पाच-सहा बायका बसल्या होत्या. एकीच्या हनुवटीवर ठिपके, एकीच्या कपाळावर चंद्रकोर, एकीच्या हातावर नवऱ्याचं नाव, एकीच्या हातावर सीतेची गादी. माझ्या स्वतःच्या आजीचे दोन्ही हात कोपरापर्यंत गोंदलेले होते. मेल्यावर बरोबर येतं ते एवढंच, असं ती म्हणायची. आणि आम्ही शिकलेले लोक, यांना विचारायचं कसं म्हणून इतकी वर्षं जांभळा रंग लावत बसलो होतो.

"रेघा तुमच्याच आहेत," डॉक्टर म्हणाले. "तुळस तेवढी गोंदणारीची."

पण हसण्यावर निभावलं नाही. सूज उतरेपर्यंत शेक थांबवावा लागला. जो खंड पडू द्यायचा नाही म्हणून एवढं केलं, तोच पडला. हे मी हौसाबाईंना सांगितलं. भांडतील असं मला वाटलं होतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "माझ्यामुळं झालं ओ. तिला नगं हुतं. मीच बसीवली तिला." आणि गुलाबी गालांवरून पाणी ओघळून दोन पांढऱ्या रेघा उमटल्या.  मी त्यांना चहा दिला.

त्या दिवशी एक गोष्ट माझ्या नजरेला आली होती. एवढ्या उन्हात म्हातारीनं पदर छातीशी घट्ट लपेटून घेतला होता आणि अधूनमधून वरूनच खाजवत होती. मी म्हटलं, "काय मावशी, गुलाल बाधला? मलम देऊ?" त्या म्हणाल्या, "माझं ऱ्हाऊ द्या. तिचं बघा." मी तिचं बघितलं.

आठवडा गेला. आक्काताई रोज यायची, डॉक्टर जखम बघायचे, परत पाठवायचे. एसटीनं येणं-जाणं एवढंच व्हायचं, पण एक दिवस चुकली नाही. अखेर सूज उतरली. शेक सुरू झाला, शेवटी थोडे दिवस वाढवून दिले आणि एकदाचा पुरा झाला. तोवर तिचा हातही डोक्यापर्यंत जायला लागला होता. शेवटच्या दिवशी हौसाबाईंनी कासंडी भरून दूध आणलं. "हिनं पिळलंय," एवढंच म्हणाल्या. आम्ही सगळ्यांनी प्यायलं. वस्तादांनी निम्मं एकट्यानं संपवलं. त्यांचाही शेक संपत आला होता, आणि आवाज परत येत होता, जुन्या दारासारखा करकरत.

मधे बरीच वर्षं गेली. आक्काताई आधी तपासणीला यायची, मग तिला आमच्या डॉक्टरांनी जयसिंगपूरला जवळच्या जवळ दाखवायला सांगितलं. नवं शतक लागलं. एका पावसाळ्यात पंचगंगा गावात शिरली आणि आमच्या तळघरात जुने कागद होते त्यांचा लगदा झाला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात एक बाई मान वाकडी धरून आत आली. केस पिकलेले. मी ओळखलं नाही. ती म्हणाली, "बाई, तुळस वळखता का?"

मानेच्या खालच्या मणक्यात दुखणं होतं. तपासणीत ज्याची भीती होती तेच निघालं. इतक्या वर्षांपूर्वी एखादी पेशी नाका चुकवून गेली असणार, हाडात जाऊन गप्प बसली असणार, आणि आता जागी झाली. हा रोग असाही वागतो. तो सगळा मुळापासून काढणं आता शक्य नव्हतं. पण शेक दिला तर दुखणं थांबतं, हाड मोडायचं वाचतं, आणि गोळ्यांवर माणूस पुढं बरीच वर्षं काढू शकतो.

अडचण वेगळीच होती. एका जागी एकदा पूर्ण शेक झाला की तिथं परत तेवढा देता येत नाही. मणक्याच्या आत मज्जारज्जू असतो, त्याला दुप्पट मार बसला तर हातपाय जातात. म्हणजे पहिल्या वेळी किरण मानेकडं कुठवर गेले होते, ते नेमकं कळायला हवं होतं. आणि ते सांगणारे कागद नदीनं खाल्ले होते.

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, मी डॉक्टरांकडं. मग दोघांनीही आक्काताईच्या गळ्याखाली बघितलं. हिरव्या चौकोनाची वरची कड जशीच्या तशी होती. डॉक्टरांनी पट्टी लावली, नवा एक्स-रे शेजारी धरला, पुन्हा मोजलं. "जागा आहे," ते म्हणाले. "जुन्या कडेच्या बाहेर राहून देता येईल."

पुढचं आधीच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. शेक लागू पडला, दुखणं थांबलं, आणि मी रिटायर झाले तेव्हाही आक्काताई म्हस पिळत होती. राधी नव्हे, राधीची नात.

पण मला सांगायचं आहे ते पहिल्या दिवशी टेबलावर काय झालं ते. मी मानेवर खुणा करत होते. सहज विचारलं, "मावशी नाही आल्या? एवढा शांत दवाखाना बरा नाही वाटत."

"आत्ती गेल्या की ओ पौषात," ती म्हणाली. आमच्या त्या बाजूला सासूला आत्ती म्हणतात. "निजल्या त्या उठल्याच न्हाईत. आदी चार दिस म्हनायच्या, मी मेल्यावर आंघूळ घालताना कुनी हसायचं न्हाय. म्हातारी चळली म्हटलं आमी."

"मग?"

"आंघूळ घालाय घेतलं. पदर काढला, तर चौकोन. मधी तुळस. माझ्यासारखाच, रेघ न रेघ."

मी रंगाचा ब्रश खाली ठेवला.

"रक्षाविसर्जनाला बापू वस्ताद आलते. त्यांनी सांगितलं. जत्रंत ते पडद्याभाईर पाठ करून पिशव्या राखत बसलते. माझं गोंदून झालं, मी पाणी प्याय गेले ती सावलीला निजले, आनि आत्ती गोंदणारीला म्हनल्या, आता हेच माझ्यावर काढ. ती म्हनली, म्हातारे, तुला कशाला? तर म्हनल्या, यम खूण बघून माणूस न्हेतोय. दोघींवर एकच खूण असली, तर म्हातारीला आदी उचलंल. म्हस फसली, मग त्येचा रेडा का फसणार न्हाय?" आक्काताईनं पुढं सांगितलं. "वस्तादांना शपथ घातलीती. ते म्हनले, एवढी वर्सं माझ्याच्यानं कुठलं गुपित ऱ्हायलं असंल तर ह्येच."

मला यमबिम काही मान्य नाही. लहानपणापासून घरात तसलं काही शिकवलं नाही. पण गुलालानं माखलेली, छातीशी पदर आवळून खाजवणारी ती म्हातारी मला दिसायला लागली आणि मी तिला मलम देऊ का विचारलं होतं, तेही आठवलं. माझे डोळे भरून आले. ते लपवायला मी "आता हलू नका" म्हणून दार लावून बाहेर पळाले. पळायची सोय असलेली नोकरी अशा वेळी फार बरी पडते.

टीव्हीत बघते तर आक्काताईचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडते आहे. मी माईकवर म्हणाले, "आक्काताई, काय झालं? थांबू का?"

ती हसत होती. "बाई, एक सांगायचं ऱ्हायलंच. माझं गोंदताना आत्ती माझ्या म्होरं बसल्या हुत्या न्हवं, म्होरनं दिसलं तसंच मागनं सोताच्या अंगावर दावलं. म्हनून त्येंचा चौकोन उजव्या बाजूला आलाय. माझा डावीकडं, त्येंचा उजवीकडं! यम काय एवढा येडा हाय व्हय, डावं-उजवं न कळायला?"

मी बटणावरचा हात काढून घेतला. आत ती छताकडं बघत पडली होती, हलायचं नाही म्हणून बळंच हसू दाबत.

"पर फसला की ओ, बाई," ती म्हणाली. "फसला की त्यो."